दिव्याच्या बाजूने

आमच्या टेबलावर कुवान पाकला सगळे 'दिवा' म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि म्हातारा त्यालाही ओ देई, याचाच मला जास्त राग यायचा.

मी मकावच्या एका कॅसिनोत जन्मभर पत्ते वाटले. बाकाराचे पत्ते. या खेळात खेळणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं, हे कुणाला सांगून पटत नाही. लाल म्हणजे बँकर, निळा म्हणजे प्लेयर. दोन्हीकडे दोन-दोन पत्ते पडतात, कधी तिसरा, आणि नऊच्या जास्त जवळ जाईल ती बाजू जिंकते. तिसरा पत्ता घ्यायचा की नाही तेसुद्धा नियमच ठरवतो. आपण फक्त 'लाल' नाहीतर 'निळा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. लाल किंचित जास्त वेळा येतो, म्हणून लाल जिंकला की कॅसिनो आपला वाटा कापून घेतो. या खेळात शहाणपण म्हणून जे काही आहे ते एवढंच.

पण माणसाला गप्प बसवत नाही. टेबलाच्या डोक्यावर पडदा असतो, त्यावर आधीच्या डावांची लाल-निळी वर्तुळं ओळीने लागत जातात. लोक ती कागदावर उतरवून घेतात, लाल-निळ्या पेनाने, परीक्षेला बसल्यासारखे. एक म्हणतो, "सारखा लाल येतोय, आता निळ्याची पाळी." शेजारचा म्हणतो, "सारखा लाल येतोय, म्हणजे पुन्हा लालच." दोघंही शपथेवर सांगतात. पत्त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. आणि वर्तुळांनी दगा दिला की मग लोक वर्तुळं सोडून माणसं वाचायला लागतात.

दिवा तिथे लागतो. दिवा म्हणजे हमखास हरणारा माणूस. तो लालवर ठेवील तर तुम्ही निळ्यावर ठेवा, तो निळ्यावर गेला तर तुम्ही लालवर. त्याच्या उजेडात बाकीच्यांना वाट दिसते. त्याचं स्वतःचं काय? दिव्याखाली अंधार.

कुवान पाकला दिवा केलं ते तामने. ताम भाजलेलं बदक विकायचा. पोट सुटलेलं, आवाज मोठा, मनाने बरा. एका दुपारी पाक ओळीने हरत गेला आणि ताम त्याच्या उलट लावून ओळीने जिंकत गेला, इतकीच काय ती गोष्ट. ताम उठून ओरडला, "अरे, हा तर दिवा आहे! देवाने पाठवलाय!" झालं. त्यानंतर पाक जिंकलाच नाही असं नाही. चारचौघांइतकाच जिंकायचा, चारचौघांइतकाच हरायचा, मी समोर उभी राहून बघत होते ना. पण हरला की "बघा! सांगितलं नव्हतं?" आणि जिंकला की "आज दिव्यात तेल कमी आहे." अशा माणसाने नाव पुसावं तरी कसं?

त्याचं नाव कुवान; 'पाक' म्हणजे आमच्या भाषेत थोरले काका. माझ्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. तरुणपणी ताइपा बेटावरच्या फटाक्यांच्या कारखान्यात होता, तिथे डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पुढे बस चालवली. बायको लवकर गेली, मुलगी पुई-सान तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची. त्या तुटक्या बोटांनी तो रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालायचा. एक वेणी नेहमी वर, एक खाली. जिन्यात मी हसले की म्हणायचा, "हसू नकोस फोंग, एका बाजूने तरी बरी जमलीये."

मुलगी मोठी झाली, सरकारी वाचनालयात लागली, आणि म्हाताऱ्याचे दिवस रिकामे झाले. मग तो आमच्याकडे यायला लागला. पैशांसाठी नाही. दिवा झाल्यापासून त्याची बडदास्त काय विचारता! तो दिसला की खुर्ची सरकवायचे. कुणी दुधाचा चहा आणी, कुणी पोर्क चॉपचा पाव. त्याच्या खिशात लावायला नसलं तर ताम लाल पाकिटात कॅसिनोची चकती घालून द्यायचा. नुसती दिली तर ती तामची राहते, पाकिटात घालून दिली की भेट होते, पाकची स्वतःची होते, आणि स्वतःची असल्याशिवाय ती नीट हरत नाही, असा त्यामागे विचार होता. एकदा पाक तापाने पडला तर अर्धं टेबल संत्री घेऊन त्याच्या दारात. मी जिन्यात विचारलं, "पाक, हे लोक तुम्हाला वापरतात, कळतं ना?"

"कळतं की," तो म्हणाला. "पण वापरायला का होईना, दार तर वाजवतात."



मग पुई-सानचं लग्न ठरलं. मुलगा चाक-लोंग, सुक्या मासळीच्या दुकानातला. त्याची आई चोईबाई. चोईबाई आमच्या कॅसिनोतली जुनी गिऱ्हाईक, टोपण लावलेलं पेन कानावर खोचून यायची, वर्तुळं अशी उतरवून घ्यायची की कारकुनाने लाजावं. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. तो निघाला त्या सकाळी उंबऱ्याशी त्याची वाटी फुटली होती, आणि आपण ती खूण मानली नाही, याचं खापर तिने जन्मभर स्वतःवर फोडलं. तेव्हापासून बाईने एकही खूण वाया जाऊ दिली नाही. तिला दुष्ट म्हणवत नाही मला. भ्यायलेली होती.

होणाऱ्या व्याह्याला टेबलावर काय म्हणतात हे तिला कळलं, आणि तिने निरोप धाडला: लग्न होईल, मुलगी लाखात एक आहे. पण लग्नाच्या सकाळी चहा घ्यायला खुर्चीवर मुलीच्या बापाने बसू नये. एखादा चुलता बसवा. दिव्याच्या हातचा आशीर्वाद पोरांच्या डोक्यावर नको.

आमच्यात लग्न म्हणजे तो चहाच. मेजवानी, फटाके, फोटो, सगळं नंतर. पोरं गुडघे टेकून दोन्ही हातांनी कप पुढे करतात, आईबाप घेतात, एक घोट पितात, तेव्हा लग्न लागलं. ज्याने वेण्या घातल्या त्याने दाराशी उभं राहून चुलत्याला चहा पिताना बघायचं?

पुई-सान पेटली. "मोडते मी लग्न," म्हणाली. "त्यांना खुणाच बघायच्या तर माशांशी लग्न लावा म्हणावं मुलाचं."

पाकने तिला गप्प केलं. "खुर्ची काय, लाकडाची असते. मी उभ्याने आशीर्वाद देईन." पण दुसऱ्या दिवशी मी जिन्यात भाजी निवडत असताना समोर येऊन बसला. डोळे सुजलेले. "फोंग, तू इतके पत्ते वाटलेस. मला एकदा चोईबाईच्या देखत जिंकायचंय. काहीतरी युक्ती सांग."

"युक्ती नाही, पाक. असती तर मी पायऱ्यांवर बसून भाजी निवडली असती का? लालवर ठेवत राहा, त्यातल्या त्यात बरं. पण एका दुपारी कोण जिंकेल ते पत्त्यांनाही ठाऊक नसतं. तुम्ही कोण आहात हेसुद्धा त्यांना ठाऊक नसतं."

"पत्त्यांना नसेल," तो म्हणाला, "माणसांना आहे ना." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "मी माझ्याच उलट लावलं तर? मन लाल म्हणालं की निळ्यावर ठेवायचं. सगळे माझ्या उलट लावून जिंकतात, मग मीच का नाही?"

मी कपाळावर हात मारला. आपण दिवा आहोत यावर त्याचा विश्वास बसला होता, माझ्यावर नाही.

नव्या वर्षाचा तिसरा दिवस आमच्याकडे भांडणाचा. त्या दिवशी कुणी कुणाच्या घरी जात नाही, गेलं की तंटा होतो म्हणतात. म्हणून अर्धा गाव देवळात आणि अर्धा कॅसिनोत. शिवाय सरकारी नोकरांना एरवी कॅसिनोत पाऊल टाकायला बंदी, नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस तेवढी सूट. पुई-सान त्या दुपारी पहिल्यांदाच आत आली. बाप कुठे बसतो, कसा बसतो, तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती मागे खांबापाशी उभी राहिली.

टेबल भरलेलं होतं. चोईबाई पेन उघडून बसलेली, शेजारी चाक-लोंग आईच्या पिशव्या मांडीवर घेऊन. ताम, त्याचे चार सोबती. पाक नवा कोट घालून आला आणि सगळे ओरडले, "आला दिवा! खुर्ची द्या!"

पाकने चकती लालवर ठेवली. बाकीच्यांच्या चकत्या धडाधड निळ्यावर. लाल आला. पाक जिंकला!

तो अर्धा उठला. चोईबाईकडे बघितलं. टेबल गार पडलं. मग तामने डोळे बारीक केले.

"पाक, खरं सांगा. मनात काय होतं तुमच्या?"

खोटं बोलायचं तर म्हाताऱ्याला जमतं कुठे? "मनात निळा होता," तो म्हणाला.

"मग बरोबर!" तामने मांडीवर थाप मारली. "मन हरलं! दिवा पेटलेलाच आहे, फक्त वात फिरवली होती!"

सगळे हसले. चोईबाई हसली नाही, तिने मान डोलावली आणि कागदावर टिपून घेतलं. पुढच्या डावाला म्हणाली, "पाक, आधी मनात काय आहे ते सांगा, मग ठेवा."

"मनात लाल आहे," पाक म्हणाला आणि चकती निळ्यावर ठेवली. आता टेबलावर वाद पेटला. मनाच्या उलट जायचं की चकतीच्या? शेवटी बहुतेकांनी चकतीच्या उलट म्हणून लालवर ठेवलं. लाल आला.

म्हणजे या खेपेला मन जिंकलं होतं, बरं का. मला वाटलं आता तरी कुणी म्हणेल. ताम म्हणाला, "चकती गेली ना? दिवा तो दिवाच." संपलं. पाक मनाने हरला तरी दिवा, चकतीने हरला तरी दिवा. असं पक्कं ज्ञान मी कुठल्या शाळेत पाहिलं नाही. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण पत्ते वाटणारीने बोलायचं नसतं. मी पत्ते वाटले.

पाक खाली बसला. नवा कोट खांद्यावर एकदम मोठा दिसायला लागला. त्याने पुढची चकती मन-बिन न विचारता निळ्यावर ठेवून दिली, हात झटकल्यासारखी. सगळे लालवर. निळ्या बाजूला तो एकटा, नेहमीसारखा.

तेवढ्यात खांबाजवळून पुई-सान पुढे आली. तिने मला विचारलं, "ताई, बाबांनी कुठे ठेवलंय?"

"निळ्यावर," मी म्हणाले.

चोईबाईने पहिल्या दिवशी तिला नव्या वर्षाचं लाल पाकीट दिलं होतं, होणारी सून म्हणून चांगलं जाडजूड. पोरीने ते पर्समधून काढलं, फोडलं, मला त्याच्या चकत्या करायला लावल्या आणि बापाच्या चकतीला लागून एक सोडून सगळ्या निळ्यावर ठेवल्या.

ताम ओरडला, "अगं पोरी, वेडी का खुळी! तो दिवा आहे! त्याच्या बाजूने कुणी लावत नाही!"

"माहीत आहे," पुई-सान म्हणाली. "आता मी लावलंय."

इतक्या वर्षांत त्या म्हाताऱ्याच्या बाजूने चकती पडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

ज्या बाजूला ज्याची रक्कम मोठी, त्याने पत्ते उघडायचे. निळ्याचे पत्ते पुई-सानपुढे सरकवले. तिने ते बापाच्या हाताखाली ढकलले. "तुम्ही उघडा, बाबा. मला येत नाही."

पहिला पत्ता राजा, किंमत शून्य. दुसरा पाकने कडेने उचलला, अगदी सावकाश, तुटक्या बोटाखाली धरून. "तीन खुणा," तो कुजबुजला. कडेला तीन खुणा दिसल्या म्हणजे सहा, सात नाहीतर आठ. "फुंकर मार. सहा नको म्हण." बाप आणि लेक एका पत्त्यावर डोकी जुळवून फुंकर मारत होते आणि समोरून सगळी लाल बाजू बोंबलत होती, "सहा! सहा!" पुई-सान मोठमोठ्याने हसत होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सात निघाला. चांगला पत्ता. चोईबाईने लालचे पत्ते उलटवले. आठ.

एका खुणेने गेलं. मी निळ्याच्या चकत्या ओढून घेतल्या. चोईबाई समाधानाने म्हणाली, "बघितलंस ना, पोरी? मी काही उगाच बोलत नव्हते."

"बघितलं, मावशी," पुई-सान म्हणाली. तिचा एक हात बापाच्या खांद्यावर होता. "बाबांच्या बाजूने लावलं आणि हरले. आता मीही दिवा झाले. आणि मी यापुढे नेहमी त्याच बाजूला लावणार. तुमच्या घरात दिवा येतोच आहे. उंबऱ्यातून आत घ्यायचा की नाही, आत्ताच सांगा. मी सून होऊन आत आणि बाप दाराबाहेर, असं अर्धं घेता येणार नाही."

तामने घसा खाकरला आणि आपल्या चकत्यांची चळत सारखी केली. भांडणाचा दिवस उगाच नाही म्हणत.

मी नियमाप्रमाणे घंटी वाजवली, पुढचा डाव. पाक म्हणत होता, "पोरी, पुरे, घरी चल," पण त्याने चकती निळ्यावर ठेवली होती. पुई-सानने उरलेली एक शेजारी ठेवली. चोईबाईने लालवर. ताम हातात चकती घेऊन बसून राहिला, कधी इकडे बघे, कधी तिकडे, आणि शेवटी ती खिशात टाकून म्हणाला, "या डावाला मी नाही." त्याच्या सोबत्यांनीही हात मागे घेतले.

मग चाक-लोंग उठला. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून उठला असावा. आईच्या पिशव्या खुर्चीवर ठेवल्या, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि आपली चकती निळ्यावर, त्या दोघांना लागून ठेवली.

"अरे, तिकडे हरशील," आई म्हणाली.

"हरेन," तो म्हणाला.

आणि हरलाच. पुन्हा लाल आला. लाल बाजूचं सगळं चोईबाईचं. पण बाकारात निम्मी गंमत सोबतीने ओरडण्यात असते, आणि तिच्या बाजूला ओरडायला कुणी नव्हतं. पलीकडे ते तिघं हरून एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते, म्हातारा मध्ये. ती बराच वेळ बघत राहिली. मी तिच्यापुढे चकत्या सरकवल्या, तिने हात लावला नाही.

"चाक-लोंगच्या वडिलांची वाटी फुटली तेव्हा," ती हळूच म्हणाली, मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही, "मी मानलं असतं तरी ते गेलेच असते. समुद्रावर जायचंच होतं त्यांना." मग पेनाला टोपण लावलं आणि आवाज चढवला. "पाक! लग्नाच्या सकाळी कोट हाच घाला. पण बाह्या आखूड करून घ्या, चहात बुडतील."

लग्नाला मी गेले होते. पाक खुर्चीवर बसला, आखूड बाह्यांचा कोट घालून, पाठ ताठ. शेजारच्या खुर्चीवर बायकोचा फोटो. पुई-सान आणि चाक-लोंग गुडघे टेकून बसले. तिच्या दोन्ही वेण्या त्या दिवशी सारख्या होत्या, केशभूषावालीने घातलेल्या. तिने दोन्ही हातांनी झाकणाचा कप पुढे केला. "बाबा, चहा घ्या."

म्हाताऱ्याने कप घेतला. झाकण एकदम काढलं नाही. तुटक्या बोटाखाली कड धरून सावकाश, केसभर उचललं, आत डोकावला आणि फुंकर मारली. मग तामला राहवेना.

"पाक, काय निघालं?"

पाकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नऊ," तो म्हणाला, आणि प्यायला.